रक्ताचा हिशेब आणि दुखण्याची साक्ष

आरोग्यविषयक संशोधन ही डॉक्टरांची व प्रयोगशाळांची बाब आहे, तीत सामान्य माणसाने लक्ष घालण्याचे कारण नाही, असा एक समज आपल्या समाजात खोलवर रुजलेला आहे. शिक्षण, नोकरी, जमीन, वसतिगृह, शिष्यवृत्ती या प्रश्नांवर आपण सभा घेतो, ठराव करतो, मोर्चे काढतो. परंतु आपल्या रक्ताविषयी कोणी काय लिहून ठेवले आहे, कोणत्या आकड्यांवरून कोणता निष्कर्ष काढला आहे आणि त्या निष्कर्षापायी कोणाला औषध मिळते व कोणाला मिळत नाही, याची चौकशी करण्याची सवय आपल्याला अजून लागलेली नाही. वाचकहो, विदर्भातील बौद्धांना तरी ही उदासीनता परवडणारी नाही. सिकलसेल हे नाव इंदोरा, पाचपावलीपासून भंडारा, चंद्रपूर, गडचिरोलीपर्यंतच्या वस्त्यांना नवे नाही. मात्र त्या आजाराची गणना कशी होते व ती गणना करताना आजाऱ्याला कोणी काही विचारतो की नाही, हा प्रश्न नवा आहे, आणि त्याच प्रश्नाकडे आम्ही आज आपले लक्ष वेधू इच्छितो.

आजाराचे स्वरूप थोडक्यात सांगतो. रक्तातील तांबड्या पेशींत हिमोग्लोबिन नावाचे द्रव्य असते. त्याच्या एका साखळीतील सहाव्या जागेवर एक घटक बदलला की प्राणवायू कमी पडताच ती गोल, लवचिक पेशी विळ्यासारखी वाकडी व ताठर होते. अशा पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, आणि मग हाडे, सांधे, छाती, पोट असह्य ठणकू लागतात. आईकडून व बापाकडून असे दोन्हींकडून हा दोष आला तर मूल रुग्ण होते. एकाच बाजूने आला तर ते केवळ वाहक असते व बहुधा निरोगी आयुष्य जगते. वैद्यकाच्या ग्रंथांत या आजाराची पहिली नोंद १९१० साली शिकागोच्या जेम्स हेरिक यांनी केली. तो रुग्ण ग्रेनाडा बेटावरून दंतवैद्यक शिकण्यास आलेला एक कृष्णवर्णी विद्यार्थी होता. भारतात १९५२ साली निलगिरीतील आदिवासींत व आसामच्या चहामळ्यांतील मजुरांत तो आढळल्याचे प्रसिद्ध झाले. १९५८ साली शुक्ल व सोलंकी यांनी मध्य भारतातील वाहकांविषयीचा आपला लेख इंग्लंडच्या ‘लॅन्सेट’ या पत्रात छापला. दीक्षाभूमीवरील १४ ऑक्टोबर १९५६ च्या सोहळ्याला त्या वेळी दोन वर्षेही पुरी झाली नव्हती. पुढच्या अनेक पाहण्यांत विदर्भातील पूर्वाश्रमीच्या महार समाजात, गोंड, माडिया व परधान यांच्यात वाहकांचे प्रमाण मोठे, आणि कुणबी, तेली इत्यादी जातींतही कमीअधिक, असे दिसून आले.

येथे एक गोष्ट स्पष्ट करणे अगत्याचे आहे. हा महारांचा रोग नव्हे, आदिवासींचाही नव्हे. १९५४ साली ॲलिसन यांनी पूर्व आफ्रिकेतील निरीक्षणांवरून दाखवून दिले की, वाहकाला प्राणघातक मलेरियापासून काही प्रमाणात संरक्षण मिळते. जेथे पिढ्यान्‌पिढ्या मलेरियाने माणसे मारली, तेथे हा दोष टिकला, वाढला. हा आजार कोणत्याही पूर्वजन्मीच्या कर्माचे फळ नाही. डास, दलदल आणि जंगल यांचा तो इतिहास आहे.

आता आकड्यांकडे वळू. आधुनिक संशोधनात ज्याला गणिती प्रतिमान म्हणतात, ते काही गूढ नाही. प्रत्येक माणसाचे रक्त तपासणे शक्य नसते. म्हणून ठिकठिकाणी झालेल्या पाहण्या घ्यावयाच्या, त्या नकाशावर मांडावयाच्या, दोन पाहण्यांच्या मधल्या प्रदेशात प्रमाण किती असेल याचा अंदाज शास्त्रीय रीतीने बांधावयाचा, त्याला जन्मसंख्येची जोड द्यावयाची, आणि चुकीची शक्यता किती तेही सोबत सांगावयाचे. २०१३ साली पील व त्यांच्या सहकाऱ्यांनी याच मार्गाने हिशेब केला व २०१० या एका वर्षात जगात सुमारे ३ लाख १२ हजार मुले हा आजार घेऊन जन्मली असावीत, असे सांगितले. सर्वांत अधिक भार नायजेरिया, काँगो व भारत या तीन देशांवर आहे. त्याच वर्षीच्या दुसऱ्या लेखात त्यांनी पुढचे पाहिले: लोकसंख्येचा ओघ असाच राहिला तर २०५० साली हा वार्षिक आकडा ४ लाखांच्या पुढे जाईल.

याहूनही डोळे उघडणारा हिशेब २०२३ साली ‘लॅन्सेट’ समूहाच्या रक्तविज्ञानविषयक पत्रात आला. २०२१ साली जगभर सिकलसेल या नावाने नोंदले जाणारे मृत्यू सुमारे ३४ हजार ४००. परंतु या आजाराची किती मुले जन्मतात, वयाच्या प्रत्येक टप्प्यावर किती हयात असतात, यांचा मेळ घालून पाहिला तेव्हा एकूण मृत्यू ३ लाख ७६ हजारांच्या घरात निघाले. म्हणजे जवळजवळ अकरापट! उरलेली माणसे कोठे गेली? ती न्यूमोनियात गेली, तापात गेली, पक्षाघातात गेली, बाळंतपणात गेली. मृत्यूच्या दाखल्यावर शेवटचे कारण लिहिले गेले, मूळ कारण लिहिलेच गेले नाही. ज्या घरांतून अशी मुले गेली, त्या घरांना हे ठाऊक होते. आजी सांगत होती की, लेकराचे हातपाय लहानपणापासून सुजत होते, डोळे पिवळे होत होते. पण आजीचे सांगणे दाखल्यावर येत नाही. गणिताने येथे जे केले ते मोलाचे आहे: कोणीही न लिहिलेले मृत्यू त्याने केवळ वजाबाकीने उभे केले. गणिताची निंदा करणारे काही लोक आपल्यातही आहेत. माणसाला आकडा केल्याने त्याचा अपमान होतो, असे ते म्हणतात. आमच्या मते न मोजले जाणे हा त्याहून मोठा अपमान आहे.

तथापि गणिताला कच्चा माल लागतो, आणि तो कच्चा माल कोण देतो, कोणत्या रकान्यात भरतो, हे पाहिल्याशिवाय त्याच्यापुढे मान तुकविणे हेही अंधश्रद्धेचेच लक्षण होय. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथे पंतप्रधानांच्या हस्ते राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहिमेचा आरंभ झाला. २०४७ पर्यंत निर्मूलन, आणि शून्य ते चाळीस वयोगटातील ७ कोटी लोकांची तपासणी, असे तिचे उद्दिष्ट. मोहिमेचे आम्ही स्वागतच करतो. आदिवासी बांधवांची आजवर जी उपेक्षा झाली ती पाहता त्यांना अग्रक्रम मिळणे न्याय्यच आहे. परंतु मोहिमेचा सारा रोख आदिवासी क्षेत्रावर असल्यामुळे नागपूर शहरातील बौद्ध वस्ती तिच्या नजरेच्या कडेला पडते. आपण आदिवासी नाही आणि दुर्गमही नाही. वैद्यकीय महाविद्यालय हाकेच्या अंतरावर आहे. म्हणून आपण सुरक्षित, असा कागदावरचा तर्क. मात्र वाहकाचे रक्त महानगरपालिकेच्या हद्दीत शिरताना बदलत नाही.

रकान्यांचा घोळ आणखी जुना आहे. १९५१ च्या जनगणनेत आजच्या महाराष्ट्राच्या प्रदेशात बौद्ध अडीच हजारांच्या आसपास होते. १९६१ साली ते सुमारे २७ लाख ९० हजार झाले. धर्मांतराचा तो लेखी पुरावाच. पण तेव्हाच्या कायद्याने बौद्धाला अनुसूचित जातीत धरले जात नव्हते. ती दुरुस्ती व्हावयास १९९० साल उजाडावे लागले. परिणाम असा की, एकाच कुटुंबातील आजोबा एका नोंदवहीत महार, बाप दुसरीत बौद्ध, मुलगा तिसरीत नवबौद्ध आणि नात चौथीत केवळ अनुसूचित जाती. वंशाने चालत येणाऱ्या आजाराच्या अभ्यासात ही चार माणसे चार गटांची ठरली तर त्या अभ्यासाचे काय होईल, हे वाचकांनी स्वतःच ताडावे. यावर उपाय म्हणून जुने जातिनाम पुन्हा कपाळी लावून घ्यावे, असे आमचे मुळीच म्हणणे नाही. संशोधकाने धर्म, जात, मूळ गाव व आजोळ वेगवेगळे विचारावे. ते का विचारतो हे सांगावे. आणि उत्तर देण्याचे वा न देण्याचे स्वातंत्र्य उत्तर देणाऱ्याकडे ठेवावे. एवढी शिस्त अवघड नाही.

आता दुसऱ्या साक्षीदाराकडे येऊ. तो म्हणजे रुग्ण, आणि विशेषेकरून रुग्णाची आई.

भारतातील सिकलसेल सौम्य असतो, असे मत बराच काळ मान्य होते. त्याला आधारही होता. भारतात व अरबस्तानाच्या पूर्व भागात या दोषाचा जो प्रकार सापडतो, त्यात गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन मोठेपणीही बरेच शिल्लक राहते, आणि ते पेशींना वाकू देत नाही. ओडिशातील व अरबस्तानातील रुग्णांवरून हे अनुमान निघाले होते आणि ते खोटे नव्हते. मात्र नागपूरच्या बालरुग्ण विभागात आया जे सांगत होत्या ते याच्याशी जुळत नव्हते. मुले वारंवार ठणक्याने विव्हळत होती, रक्त चढवावे लागत होते, न्यूमोनियाने दगावत होती. शेवटी येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातील व मुंबईच्या राष्ट्रीय संस्थेतील डॉक्टरांनी नवजात बालकांची तपासणी करून त्या मुलांचा वर्षानुवर्षे पाठपुरावा केला. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षाने विदर्भातील आजार सर्वांच्या बाबतीत सौम्य नाही, अनेकांना तो बालपणीच उग्र होतो, हे सिद्ध झाले. जे आईला प्रसूतीनंतरच्या पहिल्या दोन-तीन हिवाळ्यांत कळले होते, ते शास्त्राला कळावयास अनेक दशके लागली. यात शास्त्राला हिणविण्याचा आमचा हेतू नाही. आईला आपल्या एका मुलाचे कळते, दहा हजार मुलांचे कळत नाही. त्यासाठी पाठपुरावा व आकडे हवेतच. पण कोणत्या दिशेने आकडे गोळा करावयाचे, हे त्या आयांच्या सांगण्यातूनच सुचावयास हवे होते.

औषधाचेही तसेच. हायड्रॉक्सीयुरिया हे औषध पश्चिमेत रोज दर किलो वजनामागे १५ ते २० मिलिग्रॅमपासून सुरू करून रुग्णाला सोसेल तेथवर वाढवीत नेतात, आणि त्यासाठी वारंवार रक्त तपासावे लागते. रोजमजुरी बुडवून दर पंधरवड्याला रुग्णालयाच्या रांगेत उभे राहणे ज्यांना शक्य नाही, त्यांनी काय करावे? नागपूरच्या डॉ. दीप्ती जैन व सहकाऱ्यांनी दर किलोमागे १० मिलिग्रॅम ही ठरीव, कमी मात्रा तीव्र आजाराच्या मुलांना देऊन पाहिली आणि २०१२ साली दाखविले की, तेवढ्यानेही ठणक्याचे झटके व रक्त चढविण्याची गरज पुष्कळ कमी होते. रुग्ण कसा जगतो हे ध्यानात घेऊन विचारलेला प्रश्न म्हणून आम्ही या संशोधनाचा आदर करतो.

आईच्या बोटांत किती शास्त्र असू शकते याचे उदाहरण जमैका बेटावर मिळते. तेथे १९७३ पासून १ लाख नवजात बालकांची तपासणी करून रुग्ण मुलांचा पाठपुरावा सुरू झाला. हिशेबातून असे आढळले की, लहान मुले एकाएकी दगावण्याचे एक मोठे कारण म्हणजे पांथरीत रक्त अडकून ती झपाट्याने फुगणे. मग डॉक्टरांनी आयांना मुलाचे पोट चाचपून पांथरी ओळखावयास शिकविले. अशा प्रसंगी होणारे मृत्यू त्यानंतर सुमारे दशांशावर आले. कोणत्या वयात, कोणत्या कारणाने मुले जातात ते पाठपुराव्याने सांगितले. नेमक्या त्या रात्री, नेमक्या त्या मुलाची पांथरी आईने ओळखली. दोहोंपैकी एक वगळले असते तर ती मुले वाचली नसती. हे शिक्षण आपल्याकडे प्रत्येक आशा कार्यकर्तीला व प्रत्येक रुग्ण मुलाच्या आईला का मिळू नये? त्याला ना यंत्र लागते, ना परकीय चलन.

नागपुरातही रुग्ण व पालक गप्प बसलेले नाहीत. संपत रामटेके यांनी येथेच सिकलसेल सोसायटी ऑफ इंडियाच्या द्वारे रुग्णांचे गाऱ्हाणे शासनदरबारी नेले. त्यांच्या घरातच हा आजार आलेला होता. त्यांच्या या कार्यास २०१८ साली पद्मश्री जाहीर झाली. आम्हाला या ठिकाणी बाबासाहेबांची १९१९ ची साउथबरो समितीपुढील साक्ष आठवते. मतांचे प्रतिनिधित्व पुरेसे नाही, त्या परिस्थितीत जगणाऱ्या व्यक्तींचेही प्रतिनिधित्व हवे, असा त्यांच्या मांडणीचा गाभा होता. जो न्याय विधिमंडळाला, तोच संशोधन समितीला. आपल्या रक्ताविषयी ठरविणाऱ्या समितीत आपल्यापैकी ज्याने तो ठणका सोसला आहे असा एकही मनुष्य नसावा, हे अस्पृश्यांच्या वतीने स्पृश्यांनी बोलण्यासारखेच आहे.

विवाहाचा प्रश्न सर्वांत नाजूक आहे, म्हणून त्यावर थोडे अधिक लिहितो. उदाहरणादाखल असे धरा की, एका समाजात शंभरांत वीस वाहक आहेत. लग्ने समाजातल्या समाजात झाली, तर दोघेही वाहक असण्याचा संभव पंचविसांत एक. अशा जोडप्याच्या प्रत्येक अपत्याला आजार होण्याचा संभव चारांत एक. म्हणजे शंभर जन्मांत एक मूल रुग्ण. आता त्या समाजातील वाहकाने अशा समाजात विवाह केला की जेथे शंभरांत दोनच वाहक आहेत, तर जोडीदारही वाहक निघण्याचा संभव पाचांत एकवरून पन्नासांत एकवर येतो. दोष नाहीसा होत नाही, पण रुग्ण मुलाचा जन्म दहापट दुर्मिळ होतो. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात बाबासाहेबांनी सजातीय विवाह हेच जातीचे मर्म असल्याचे दाखवून दिले होते. तो निबंध रक्तविज्ञानासाठी लिहिलेला नव्हता. पण त्यांनी जी भिंत दाखविली, त्याच भिंतीच्या आत हा दोष पिढ्यान्‌पिढ्या कोंडून राहिला.

तरीही कागदावरचे हे गणित घेऊन वस्तीत जाणाऱ्यांना आम्ही एक सावधगिरीची सूचना करतो. ग्रीसमधील ऑर्कोमेनोस या गावी वाहकांचे प्रमाण सुमारे २३ टक्के होते. तेथे तपासणी झाली, सल्ला दिला गेला, अपेक्षा अशी की वाहक वाहकाशी लग्न करणार नाहीत. काही वर्षांनी पुन्हा पाहिले तो अशा लग्नांची संख्या कमी झालेलीच नव्हती. उलट वाहकांवर बट्टा लागला होता आणि लोक आपली स्थिती लपवीत होते. प्रतिमानाने माणसाला रक्ताचा अहवाल मानले. गावाने त्याला सोयरिकीचा उमेदवार मानले. अमेरिकेतही हवाई दलाच्या अकादमीने निरोगी वाहकांना कृष्णवर्णी म्हणून नव्हे, रक्तदोषी म्हणून प्रवेश नाकारला, तो निर्बंध १९८१ साली उठला. वगळली गेलेली माणसे बहुतांश कोणत्या वर्णाची होती हे सांगावयास नकोच. आपल्याकडे हा बट्टा मुलीच्या वाट्याला येतो. मुलगा वाहक निघाला तर अहवाल ट्रंकेत जातो, मुलगी वाहक निघाली तर स्थळ परत जाते. समता सांगणाऱ्या घरातही असे होते, आणि त्याविषयी आपल्या सभांतून कोणी बोलत नाही.

कायद्यानेही रुग्णाला अर्धवट ओळखले आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने सिकलसेलचा समावेश २१ प्रकारांत केला. उच्च शिक्षणातील ५ टक्के जागांचा लाभ रुग्णाला मिळू शकतो, परंतु त्यासाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्वाचा दाखला हवा. शासकीय नोकरीतील ४ टक्के आरक्षणाच्या प्रवर्गांत रक्तदोषांना स्थानच नाही. आणि हे ४० टक्के मोजावयाचे कसे? हा आजार लंगड्या पायासारखा रोज दिसत नाही. तपासणीच्या दिवशी रुग्ण चालत येतो, सही करतो, बोलतो. परीक्षेच्या आदल्या रात्री तो गुडघे पोटाशी धरून पडलेला असतो. १९८९ साली डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीतील दोन गावांतील स्त्रियांना प्रथमच विचारले व तपासले, तेव्हा ९२ टक्के स्त्रियांत स्त्रीरोग आढळले, आणि त्यांपैकी फारच थोड्यांची त्यापूर्वी कधी तपासणी झाली होती. ज्या दुखण्याविषयी विचारलेच जात नाही ते टक्केवारीत उतरत नाही. रुग्णाने स्वतः ठेवलेली ठणक्याची रोजनिशी, म्हणजे तारीख, जागा, किती वेळ, शाळा वा काम किती दिवस बुडाले, ही दाखल्याच्या वेळी पुरावा म्हणून ग्राह्य धरलीच पाहिजे, अशी आमची स्पष्ट मागणी आहे. अशा हजार रोजनिशा एकत्र आल्या तर थंडीचा, उन्हाळ्यात पाणी कमी पडण्याचा व ठणक्याचा संबंध नागपूरपुरता तरी नेमका मांडता येईल.

ऑक्टोबरात दीक्षाभूमीवर लाखोंचा समुदाय लोटतो आणि ठिकठिकाणी आरोग्यतपासणीचे मंडप उभे राहतात. तेथे कोणी आपल्या बोटातून रक्त घेऊ लागला तर, वाचकहो, हात मागे घेऊ नका. मात्र ही केवळ प्राथमिक चाचणी आहे की वाहक व रुग्ण यांतील भेद सांगणारी पक्की चाचणी, हे आधी विचारा. आपले नाव कोणत्या यादीत जाणार, ती यादी कोणापाशी राहणार, हेही विचारा. आणि अहवाल मराठीत, लेखी व आपल्याच हाती, शेजाऱ्याच्या वा कार्यकर्त्याच्या हाती नव्हे, केव्हा मिळेल त्याची तारीख कागदावर लिहून घ्या.